बादशहाभाईंची गादी आणि कापशीच्या पिसवा

कुंडलमध्ये माझं आणि मेहरुनभाभींचं घर एकाच भिंतीला चिकटून आहे. त्यांच्या पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, आणि गावातल्या निम्म्या गाद्या त्यांच्याच हातून नव्या होतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचे मालक बादशहाभाई गेले. तेव्हापासून धंद्याचा गाडा त्या एकट्याच ओढतात. सोबतीला एक पांढरी मांजरी आहे. कापसाच्या गोणीत सापडलेलं पिल्लू म्हणून बादशहाभाईंनी तिचं नाव कापशी ठेवलं होतं.

फटकळपणात भाभींचा हात धरणारं गावात कुणी नाही. दोन वर्षं गादी उसवली नाही असं गिऱ्हाईकानं कबूल केलं की त्याची धडगत नसायची. "माती झाली असंल आत! मानसं हायसा का कोन?" छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला मी, पण त्यांच्यापुढं बेतानंच तोंड उघडतो.

या मार्चमध्ये कापशीला पिसवा झाल्या. भाभींनी कडुलिंबाचा पाला उकळून तिला अंघोळ घातली, तिनं भाभींचे दोन्ही हात ओरबाडून काढले. बारीक फणी झाली, खोबरेल झालं, पुन्हा अंघोळ झाली. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी कापशी परत कराकरा खाजवायला बसायची. पुढं तर पिसवांनी भिंतही मानली नाही. माझ्या घोट्यांवर लाल गांधी उठल्या आणि मी वैतागून म्हणालो, "भाभी, पोत्यात घाला आणि लांब कुठंतरी सोडून या त्या मांजराला."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच दारात आल्या आणि उंबऱ्यावर बसून रडल्या. वाईला दिलेली त्यांची लेक रुमाना सात महिन्यांची गरोदर होती. तिला बाळंतपणाला आणायला गेल्या, तर विहीणबाईंनी त्यांच्या हातावरचे पिसवांचे चट्टे पाहिले. आधी घर साफ करा नाहीतर मांजर घालवा, मगच पोरगी न्या, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मेच्या पंधरा तारखेपर्यंतची मुदत दिली. नाहीतर बाळंतपण वाईलाच.

"लेक पायजे का मांजर, असं इचारत्यात गुरुजी. ह्यांनी हातानं दूध पाजून वाढवलीय ती. कशी सोडू?"

मला माझ्या पोत्याच्या सल्ल्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कापशीला टोपलीत घालून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. जाताना मेव्हण्याकडचं म्हशीच्या गोचिडांचं औषध मी शहाणपणानं बरोबर घेतलं होतं. पूजा डॉक्टर वयानं माझ्या विद्यार्थिनीसारख्या, पण बाटली बघून अशा काही बोलल्या की मी पुन्हा वर्गात अंगठे धरून उभा आहे असं वाटलं. हे लावलं असतं तर मांजर अंग चाटून मेलं असतं, म्हणाल्या. मग त्यांनी कापशीच्या मानेवर, जीभ पोचणार नाही अशा जागी औषधाचे थेंब सोडले.

"अंगावर दिसतात त्या थोड्याच असतात, मावशी. अंडी, अळ्या सगळं ती झोपते तिथं असतं. झोपते कुठं?"

"कुठंबी झोपती. मांजराचं काय खरं!" भाभी म्हणाल्या. पण त्यांची नजर खाली गेली, आणि असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. पलंगावर एक जाड गादी होती, वर स्वच्छ चादर. बादशहाभाईंनी भरलेली ही शेवटची गादी. दोन वर्षांत तिच्यावर कुणी पाठ टेकली नव्हती आणि तिला ऊनही दाखवलं नव्हतं. रोज दुपारी तिच्यावर फक्त कापशी झोपायची. अख्ख्या गावाला गादी उसवा म्हणून शिव्या घालणाऱ्या बाईच्या घरात दोन वर्षांची न उसवलेली गादी होती.

"टाकं त्यांच्या हातचं हायती," भाभी म्हणाल्या. त्यांनी ब्लेड माझ्या हातात दिलं. "तुमी उसवा."

मी बसलो. दुसऱ्याच टाक्याला दोरा सोडून कापडच टरकावलं. भाभींनी ब्लेड हिसकावून घेतलं. "आवं, गादी हाय का कोंबडी! सरका तिकडं." आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्या सफाईनं एकेक टाका काढत गेल्या.

खोळीच्या शिवणींत पिसवांच्या घाणीची काळी भुकटी दाटली होती. भाभींनी खोळ आणि चादर चुलीवर उकळली, केरकचरा जाळला. कापूस माळवदावरच्या पत्र्यावर आठवडाभर उन्हात पसरला. एप्रिलचं ऊन होतं, पत्र्यावर हात ठरत नव्हता. मग तो दोनदा पिंजून नव्या खोळीत भरला. दोन्ही घरांच्या फरशा, भिंतींच्या कडा मी रोज झाडायचो.

पांढरे मोजे घालून खोलीत फिरा, पिसू असेल तर दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळं शाळेतल्या कवायतीचे माझे पांढरे मोजे परत बाहेर निघाले. रोज सकाळी मी भाभींच्या घरात मोजे घालून येरझाऱ्या घालायचो आणि त्या चष्मा लावून माझ्या पायांशी वाकायच्या. पहिल्या दिवशी अकरा निघाल्या. नंतर सहा, मग परत आठ, तेव्हा भाभींनी जेवण सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, कोशातल्या उरलेल्या अशाच निघत राहतात, धीर धरा. महिन्यानं कापशीला औषधाचे थेंब पुन्हा पडले. मेच्या सात तारखेला एक निघाली. त्यानंतर सलग सहा दिवस मोजे पांढरेशुभ्र राहिले. सहाव्या दिवशी भाभी खाली बसल्या आणि एवढ्या हसल्या की कापशी घाबरून कपाटावर चढली. छातीवरचा धोंडा उतरावा तसं मलाही मोकळं वाटलं.

पंधरा तारखेला रुमाना आली. सोबत विहीणबाईही आल्या होत्या, कोपरे बघून, चहा पिऊन गेल्या. प्रवासानं थकलेली रुमाना आत गेली. नव्या खोळीतली गादी तिनं हातानं दाबून पाहिली.

"अम्मी, ही अब्बांची न्हवं?"

"व्हय. नीज."

पाच मिनिटांत तिला गाढ झोप लागली. कापशी येऊन तिच्या पायांशी वेटोळं करून बसली, आणि तिला कुणी हाकललं नाही. भाभी दाराला टेकून कितीतरी वेळ बघत होत्या.

"गुरुजी," त्या हळूच म्हणाल्या, "तिच्या लग्नातच भरली व्हती त्यांनी ही. लेक बाळंतपनाला येईल तवा हिच्यावर निजंल, म्हनले व्हते. आन् मी येडी, दोन वरसं कुनाला बसूबी दिलं न्हाई."