यंदाची भोकरी

फातमाबी गेल्याचं मला दूधवालीने सांगितलं. मी तेव्हा वाटाणे सोलत होते. बागवानांची फातमाबी पहाटे गेली, एवढं बोलून ती माप ओतून निघून गेली. मी उरलेले वाटाणे सोलले, टरफलं गाईला घातली, भाजी फोडणीला टाकली... मीठ घातलं की नाही, आठवत नाही. महिना उलटून गेला, पण मी अजून तशीच आहे. एकदा रडून घ्या, असं शेजारणी सांगतात. येत नाही, त्याला मी काय करू?

मखमलाबादच्या वाटेला आमची द्राक्षबाग आहे. पांगाऱ्यावर चढवलेले वेल, सगळी भोकरी जातीची पांढरी द्राक्षं. फातमाबीचा नवरा दरवर्षी बागेतला माल विकत घ्यायचा आणि करंड्या भरून मुंबईला धाडायचा. करंड्या भरायला ती स्वतः यायची. मिठाच्या सत्याग्रहात आमचे हे तुरुंगात गेले, त्या वर्षीची छाटणी त्या दोघांनीच उरकून दिली, मला विचारलंसुद्धा नाही. तिचं माहेर दौलताबादकडचं. तिकडच्या काळ्या हबशी द्राक्षाचं तिला भारी कौतुक, पण खायची झाली तर नाशिकची भोकरीच, असं ती माहेरच्या माणसांसमोरही म्हणायची. काबूलकडून कापसात घालून येणाऱ्या द्राक्षांना तर हसायची. गादीवर निजून आलेलं फळ म्हणे, त्याला उन्हाची काय ओळख असणार.

दुपारी आम्ही बांधावर जेवायला बसायचो. ती तिची भाकरी खायची, मी माझी. एकमेकींच्या घरचं शिजलेलं खायची रीत नाही. फळाला मात्र विटाळ नसतो, म्हणून मध्ये पानावर द्राक्षं असायची, आणि ती कशाबरोबर कशी खावीत हे तीच ठरवायची. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी असली की द्राक्ष जरा आंबटसर हवं. दहीभातावर पुरतं पिकलेलं. कच्चे मणी चिंचेऐवजी आमटीत. एकदा बोकडाच्या रश्श्यात ते कसे टाकायचे हे रंगवून सांगायला लागली. मी म्हटलं, अगं, मला माळकरणीला हे कशाला सांगतेस? तर म्हणाली, "ऐकून घ्या वहिनी. ऐकल्यानं काय बाटत नाय."

पौषात तिने अंथरूण धरलं. अन्न जाईना. एकच घोकत होती, यंदाची भोकरी तेवढी तोंडात पडू दे. आणि वेलीला अजून हिरवे टणक मणी. मी रोज सकाळी जाऊन घड बघायची, जणू माझ्या बघण्याने ते लवकर भरणार होते... माघात एका घडात जरा पाणी उतरल्यासारखं वाटलं. तो कापून नेला. तिने एक मणी बोटांत धरून खिडकीकडे केला. पांढरं द्राक्ष पिकलं की उजेडात आतली बी दिसते. ती बराच वेळ बघत राहिली.

"कच्चं हाय, वहिनी. कापायचं नव्हतं."

"एक खा तरी. माझ्यासाठी."

"वेलीला राहू द्या. मी थांबते."

नाही थांबली.

फाल्गुनात बाग पिकली. यंदा तिच्या नवऱ्याने माणसं पाठवली, स्वतः आला नाही. चाळिसाव्या दिवशीच्या फातिह्याला तिच्या आवडीचं मांडायचं, म्हणून तिच्या सुनेने, जैबूनने, भोकरीचे घड मागवले. मीच कापले, मीच घेऊन गेले. ताटात खीर, रोट मांडून झाले होते. टोपलीतले घड उचलताना पोर थबकली. एक मणी तोडून तिने माझ्या हातावर ठेवला.

"चाची, अम्मींना कच्चं चालायचं नाही. तुम्ही चाखून सांगा, मग ठेवते."

मी मणी तोंडात टाकला. चावला. रस जिभेवर आला, घशाखाली गेला... गोड की आंबट, काही कळेना. मी आणखी एक मागून घेतला. तरी नाही. जैबून माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"पिकलीत," मी म्हटलं. "ठेव."