भाता नसलेली पेटी

डोणगावात एखादी वस्तू वाजली आणि आमच्या मावशीच्या कानातून ती सुटली, असं आजवर झालेलं नाही. देवानं बाकीच्यांना कान दिले ते ऐकायला. मावशीला ते जगाची तपासणी करायला दिले असावेत. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा ढिला झाला की गिरणीवाल्याच्या आधी ते मावशीला कळतं. "तुह्या गिरनीचा सूर उतरला रे बावा," असं ती ओट्यावरून ओरडते आणि गिरणीवाला मुकाट्यानं पाना घेऊन उठतो. माठ घ्यायला बाजारात गेली की मांडलेला एकूण एक माठ बोटानं वाजवून पाहते, आणि जुन्या माठाच्या सुरातला नवा मिळेपर्यंत घरादारानं कोमट पाणी प्यायचं. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मावशी बरोबर होती. शिक्षण, स्वयंपाक, पत्रिका, यातलं तिनं काही विचारलं नाही. मुलगी चहाचा ट्रे ठेवताना "घ्या ना" म्हणाली, तेवढ्यावर मावशी माझ्या कानाशी लागली, "पेटीवरच्या काळी दोनचा आवाज हाय. भांडली तरी आयकाले बरं वाटीन." लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून बरं वाटतं.

अशा बाईच्या हातात पेटी असणार हे सांगायला नकोच. दत्ताच्या देवळात दर गुरुवारी बायकांचं भजन असे आणि पेटीवर मावशी. मेहकरहून मी मुद्दाम त्यासाठी जात असे. भजनातल्या बायका तिला सासूपेक्षा जास्त भीत. कुणाचा सूर जरा सरकला की मावशी गाणं न थांबवता नुसती मान वळवून तिच्याकडे बघायची, आणि ती बाई पुढचं अख्खं भजन ओठ हलवून साजरं करायची. मागच्या दिवाळीनंतर मात्र मावशीचं डावं अंग लुळं पडलं. हळूहळू बोलणं परत आलं, पाय परत आला, हात काही आला नाही. उजवा ठणठणीत होता, पट्ट्यांवर आधीसारखाच फिरत होता, पण पेटीचा भाता मारायला डावा लागतो आणि भात्याशिवाय पेटी म्हणजे नुसतं लाकडी खोकं. व्यायामाला म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला होता. "याच्यातून निंघते काय?" असं विचारून मावशीनं तो डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारला. गुरुवारी देवळात जाणं तिनं सोडलं. भजन घरात ऐकू येतं, म्हणून त्या वेळी ती खिडकी लावून घेऊ लागली. गिरणीचा पट्टासुद्धा ज्या कानांतून सुटत नाही, त्या कानांवर खिडकी लावून बसलेली मावशी मी पाहिली आणि मला फार वाईट वाटलं.

काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, ते बघवेना. काका सोयाबीन-तुरीतले, सुराशी त्यांचा संबंध बायकोपुरताच. एके दिवशी ते पेटीच्या पलीकडे मांडी घालून बसले आणि म्हणाले, "तू वाजव, मी भाता मारतो." ते दृश्य मी पाहिलेलं आहे. काका दोन्ही हातांनी भाता ओढत होते आणि पेटी दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकत होती. "अहो, ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरून राह्यले का?" मावशी ओरडली. काका वरमले, हळू मारू लागले. तिनं तोंडानं सूर लावला मात्र, काकांचा हात थांबला आणि पेटी गप्प. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. "आता काऊन थांबले?" काका खाली बघत म्हणाले, "तू गायले लागली का माहा हात थांबून जाते. मी काय करू?" मावशीनं पेटीचं झाकण लावलं आणि वर चादर घातली.

मग मीच तिला मोबाइलवर डिजिटल पियानो दाखवला. एक बाई तो एका हातानं वाजवत होती. मावशीनं तिचं वाजवणं ऐकलंच नाही, एवढंच विचारलं, "याले हवा कोन देते?" मी म्हटलं, "वीज." "मंग चाल."

आम्ही तिघं अकोल्याच्या एका दुकानात गेलो. तिथले विक्रेते मोठे हौशी गृहस्थ होते. एक बटन दाबून त्यांनी बासरी काढली, दुसऱ्यातून सतार, तिसऱ्यातून थेट हेलिकॉप्टर. काका हरखून वर छताकडे बघू लागले. मावशी म्हणाली, "सा कुठी हाय?" तिनं पट्टी दाबली, बोट तसंच ठेवलं आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मेला."

"कोण?" विक्रेते दचकले.

"सा. म्या बोट उचललं नाई तरी मेला."

पियानोचा सूर असाच विरत जातो, असं त्यांनी समजावलं, आणि घाईघाईनं ऑर्गनचा आवाज लावून दिला. तो बोट दाबून धरलं तोवर न हलता वाजत राहिला. मला वाटलं, झालं काम, पेटीसारखंच तर आहे. मावशीनं बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. "हा मरतच नाई. याच्यात जीवच नाई त मरन कसा?"

आणि त्यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मावशीनं दुकानातले पंखे बंद करायला लावले, दार लोटून घ्यायला लावलं आणि एकेका पियानोवर सा दाबून तो कसा मरतो ते ऐकत निघाली. खालच्या पायपट्टीनं सूर लांबतो हे कळल्यावर उजवा पाय तिच्यावर ठेवला. "हा गच्चकन मेला." "हा खोकलून मेला." कोपऱ्यात एक साधासा, तपकिरी, कमी बटनांचा पियानो होता. त्याची पट्टी तिनं दाबली आणि डोळे मिटले. सूर बारीक होत गेला. मला ऐकू येईनासा झाला. विक्रेत्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, त्यांचाही संपला होता. मावशीनं बोट वर केलं, "हाय अजून." गिटार बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं, गल्ल्यावरचे मालक, घामानं निथळणारे काका, सगळे श्वास धरून उभे होते आणि त्या दुकानात एकटी मावशी काहीतरी ऐकत होती. मग तिचा चेहरा सैल झाला. "गेला. पन सांगून गेला. हाच द्या." आम्ही पियानो बांधून घेईपर्यंत ते विक्रेते दुसऱ्या एका पियानोला कान लावून वाकलेले होते.

पुढच्या गुरुवारी तो दत्तासमोर मांडला गेला. बायकांनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मग संशयानं लांब बसल्या. समईशेजारच्या दिव्याचा प्लग काढून तिथे पियानोची वायर गेली. हात धरून चालवायच्या सवयीनं काका मावशीच्या डाव्या अंगाला येऊन टेकले, खरं तर तिथे आता त्यांचं काही काम नव्हतं. मावशीनं सा धरला, गायला लागली, आणि एका बाईकडे तिनं ती जुनी मान वळवली तेव्हा देवळाला हायसं वाटलं असेल.

दुसऱ्या भजनात मला ते दिसलं. मांडीवर पडलेला तिचा डावा हात हलत होता. अगदी थोडा, बोटं पुढे जात होती आणि मागे येत होती. भाता मारत होता तो. समोर भाता नव्हता, तिला स्वतःला ठाऊकही नसावं. काकांनी ते पाहिलं. त्यांनी नुसता आपला तळहात त्या बोटांसमोर उभा धरला. बोटं येऊन त्यावर टेकली, मागे गेली, पुन्हा टेकली. ती गात असताना काकांचा हात नेहमीसारखा थांबलेलाच होता, आणि आता तसाच थांबायला हवा होता.

भजन संपलं. मावशीनं शेवटचा सा दाबून पायपट्टीवर पाय ठेवला आणि डोळे मिटले. कुणी जयजयकार केला नाही. सूर बारीक होत होत गेला. मी वाकून काकांना हळूच विचारलं, "संपला का?"

काकांचा तळहात अजून तसाच उभा होता, आणि मावशीची बोटं त्यावर येऊन टेकत होती. आयुष्यभर एक सूर न ओळखलेला तो माणूस म्हणाला, "हाय अजून."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. तरी मी थांबलो.