हरण्याची शर्यत आणि एक लाकडी शिंग

अडतीस सेकंद उरले होते, महालचा संघ एका पॉइंटने पुढे होता, आणि महालच्या कोचचा चेहरा घरात काही वाईट घडल्यासारखा झाला होता.

बॉल महालकडे होता. बास्केटबॉलमध्ये बॉल हातात आला की चोवीस सेकंदांत बास्केटवर मारावाच लागतो. त्याला शॉट क्लॉक म्हणतात. महालच्या कॅप्टनने बॉल आपटत आपटत चोवीस सेकंद घालवले. शिटी वाजली, बॉल समोरच्या काटोल संघाला मिळाला. आता काटोलला एक बास्केट करून जिंकता आलं असतं. त्यांच्या नऊ नंबरच्या खेळाडूसमोर कोणीच नव्हतं. तो थांबला, खाली वाकला आणि बुटाची लेस बांधू लागला. बॉल आपला आपण गडगडत महालच्या कॅप्टनच्या पायाशी आला.

"अबे टाक ना बे! कोणीतरी टाका!" गॅलरीतून एकजण ओरडला.

कॅप्टनने टाकला. अगदी नेम धरून, सुंदर टाकला. फक्त स्वतःच्याच बास्केटमध्ये.

रेफरीने शिटी मारून हात आडवे हलवले. मुद्दाम स्वतःच्या बास्केटमध्ये टाकलेला बॉल मोजत नाहीत, असा नियम आहे. पंचवीस वर्षं रेफरी होते मी, पण हा नियम वापरलेला पहिल्यांदाच पाहिला. उरलेले सेकंद काटोलने तसेच घालवले आणि महाल अठ्ठेचाळीस-सत्तेचाळीसने जिंकलं. जिंकलेले माना खाली घालून ड्रेसिंग रूमकडे गेले आणि हरलेल्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

हॉलमध्ये तीनशे लोक होते आणि ते सगळे हसत होते. मी हसत नव्हते. कारण हा तमाशा ज्या नियमामुळे झाला, तो मी लिहिला होता.

आमची लीग सहा संघांची. नागपुरातले आणि आसपासच्या गावांतले संघ, प्रत्येकाचा एक मालक, पगारी खेळाडू. स्पर्धेचे सगळे नियम आणि वेळापत्रक माझ्याकडे. दरवर्षी नवे खेळाडू येतात, त्यांना संघ आळीपाळीने निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. पहिल्या वर्षी नियम सरळ होता: जो शेवटचा, त्याने पहिला खेळाडू निवडायचा. दुबळ्याला बळ मिळावं, हा हेतू. दुबळ्यांना हेतू लगेच समजला आणि ते आणखी दुबळे होऊ लागले.

मग मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, सोडत काढू. सहाव्या संघाच्या तीन चिठ्ठ्या, पाचव्याच्या दोन, चौथ्याची एक. स्टीलचा पेढ्यांचा डबा आणला, त्याला लाल रिबीन बांधली. शेवटच्या नंबरलाही पहिल्या निवडीची खात्री नाही म्हटल्यावर मुद्दाम कोण हरेल? सगळेच हरले. आधी एकच संघ हरायला बघायचा, आता एकेका जादा चिठ्ठीसाठी तिघे हरायला बघू लागले. मी रोगाला औषध दिलं आणि साथ पसरवली.

आणि त्या वर्षी हरण्याला कारणही तसंच तगडं होतं. कामठीचा इमरान. एकवीस वर्षांचा, सहा फूट दहा इंच, वडील पॉवरलूमवर. तो उडी मारत नाही, नुसता हात वर करतो. आमच्या भागात असा खेळाडू मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तो ज्या संघात जाईल तो संघ पाच वर्षं राज्य करणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

त्या सामन्याला इमरान गॅलरीत बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या दारातून वाकून आत आला.

"मॅडम, ड्राफ्ट से नाम वापस लेना है."

"काहून रे?"

"कल देखा ना मैंने. मेरे लिए दो टीम हार रही थी. मेरे अब्बू भी साथ में थे. पूछ रहे थे, बेटा, ये कौनसा खेल है?" तो खुर्चीवर बसला, गुडघे टेबलाला लागले. "एक साल रुकता हूँ. अगले साल भी ऐसाच रहा तो मैं साउथ चला जाऊंगा. उधर से बुलावा है."

मी लीगच्या अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "कुंदा मॅडम, तो पोरगा गेला तर आपल्या लीगकडे दाखवण्यासारखं काय राहील? तो डबा?"

सोडत झाली. काटोलची चिठ्ठी निघाली. काटोलचे मालक नानाजी, संत्र्यांचे मोठे व्यापारी, स्टेजवर आले, खेळाडूंची यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली आणि म्हणाले, "आता याच्यातून कोणाले घेऊ वं बाई? एवढे हारलो, फुकटच हारलो."

पुढचे पाच महिने मी कागद काळे केले. चिठ्ठ्या कमी करून पाहिल्या, वाढवून पाहिल्या. दंड, ताकीद, चौकशी समिती. पण खेळाडूने बॉल मुद्दाम चुकवला की सहज चुकला, हे सिद्ध कोण करणार? लेस तर खरंच सुटली असेल!

आणि मग तान्हा पोळा आला.

नागपूरकरांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. ज्याचा बैल सुंदर, त्याला बक्षीस. नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. त्या वर्षी कोण्या दात्याने उत्साहाच्या भरात उत्तेजनार्थ बक्षिसासाठी सायकल दिली होती. पहिल्या बक्षिसाला नेहमीची ढाल. आणि उत्तेजनार्थ कोणाला? तर ज्याचा बैल सगळ्यात साधा, त्याला.

तुम्ही ओळखलंच असेल. मी जाऊन पाहते तर रांगेत एकाहून एक दरिद्री बैल! एकाचं चाक गायब. एकावर शेवाळ. आणि रांगेच्या शेवटी आमच्या महाल संघाच्या मालकाचा, बंडूभाऊंचा, पाच वर्षांचा नातू. बंडूभाऊंचं साड्यांचं मोठं दुकान. त्यांचा सागवानी बैल म्हणजे गल्लीची शान, मागच्या वर्षी ढाल त्यानेच नेली होती. या वर्षी त्याच्या अंगावर गोणपाट होतं आणि एक शिंग मोडलेलं.

"अरेरे, शिंग कसं मोडलं रे बाळा?" मी विचारलं.

"आबांनी तोडलं," नातू खणखणीत आवाजात म्हणाला. मूठ उघडून शिंग माझ्या हातावर ठेवलं. "म्हणे लपवून ठेव."

बंडूभाऊ समोरच्या भिंतीवरची पोस्टरं फार लक्ष देऊन वाचू लागले.

कमिटीच्या प्रमुख बाई गणिताच्या रिटायर्ड शिक्षिका होत्या. त्यांनी माईक हातात घेतला. चिडल्या नाहीत, कोणाचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "ढालीचा निकाल लागला. आता ज्यांना ढाल मिळाली नाही, त्या सगळ्यांची नवी स्पर्धा. बैल कसा आणला ते बघणार नाही. आत्तापासून अर्ध्या तासात कोण किती सजवतो ते बघणार. सायकल त्याला. चला!"

आणि काय गंमत सांगू! दोन मिनिटांत गल्ली जागी झाली. कोणी झेंडू तोडतंय, कोणी पताका ओढतंय. बंडूभाऊ पांढऱ्या पायजम्यात रस्त्यावर गुडघे टेकून मोडक्या शिंगाच्या जागी गाजर बसवत होते. सायकल एका मुलीने नेली. तिने पानठेल्यावरून विड्याची पानं आणून बैलाला हिरवीगार झूल केली होती.

मी तिथेच गल्लीच्या मधोमध उभी राहिले, हातात शिंग. मला उत्तर मिळालं होतं. पाच महिने मी विचारत होते, कोण किती खाली आहे. विचारायचं होतं, खाली गेल्यावर तो काय करतो.

ऑक्टोबरच्या बैठकीत नियम मांडला. बाद फेरीत पहिले तीन संघ जातात. ज्या दिवशी गणिताने तुमचा त्या तिघांत येण्याचा रस्ता बंद होतो, त्या दिवसापासून तुमचा प्रत्येक विजय ड्राफ्टच्या हिशोबात धरला जाईल. ज्याचे असे विजय जास्त, त्याची पहिली निवड. जो खरोखर दुबळा, तो लवकर बाहेर पडेल, म्हणून त्याला विजय जमवायला सामने जास्त मिळतील. पण जमवावे लागतील जिंकून. डबा बंद.

नानाजींनी चष्मा वर सरकवला. "मंग आमी लवकरच बाहेर पडून घेऊ. तुमचा नियम गेला पाण्यात."

"पडा ना. त्यासाठी डिसेंबरमध्ये लीग सुरू झाल्यापासून हरावं लागेल. डिसेंबरमध्ये तुम्ही काय म्हणता, नानाजी?"

बाजूचे मालक हसून म्हणाले, "डिसेंबरात ते म्हणतात, यंदा कप काटोललेच येते."

"आणि हरायची सवय लागलेला संघ फेब्रुवारीत अचानक जिंकेल कसा?" मी म्हटलं.

"तरी माह्यं मत विरोधात," नानाजी म्हणाले. "जुन्या नियमात निदान डोकं तरी लागत नव्हतं."

नियम बदलायला सहापैकी चार मतं लागतात. बाजूने तीन हात वर आले, विरोधात दोन. उरले बंडूभाऊ. ते दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते.

"माझं असं आहे ताई," ते म्हणाले, "आमच्या संघाने मुद्दाम हरायचा विचार कधी मनातही आणला नाही. मग बदल कायले पायजे?"

मी पर्स उघडली, लाकडी शिंग काढलं आणि हळूच त्यांच्या चहाच्या कपाशेजारी उभं ठेवलं.

कोणाला काही कळलं नाही. बंडूभाऊंना कळलं. त्यांनी शिंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चहाचा मोठा घोट घेतला आणि हात असा वर केला की खुर्ची कुरकुरली.

"नियम लई चांगला आहे. मी तर पहिल्यापासून म्हणून राहिलो."

आता मार्चवर येते. साखळीतला शेवटचा सामना, आणि योगायोग पाहा, पुन्हा काटोल आणि महाल. दोघेही बाहेर पडलेले. काटोल आधी, महाल आठवड्याने. बाहेर पडल्यानंतरचे दोघांचे विजय तीन-तीन. चौथ्या नंबरचा संघ उशिरा बाहेर पडला होता, त्याचा एकच. म्हणजे हा सामना जो जिंकेल, त्याची पहिली निवड. इमरानने ड्राफ्टमध्ये नाव दिलं होतं, पण ते मागे घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशीपर्यंत होती. तो अब्बूंना घेऊन गॅलरीत त्याच जागी बसला होता.

हॉल गच्च भरला होता. पाचव्या आणि सहाव्या संघाचा सामना, आणि लोक पायऱ्यांवर बसलेले! ज्यांनी वर्षापूर्वी बुटाची लेस बांधली होती, ते आज जमिनीवर लोळून बॉल ओढून घेत होते. काटोलच्या नऊ नंबरचं ढोपर फुटलं, पट्टी बांधून तो परत आला. नानाजी त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या गोष्टी रेफरीला सांगत होते.

सात सेकंद उरले. काटोल एकाहत्तर, महाल सत्तर. बॉल महालच्या कॅप्टनकडे आला, त्याच कॅप्टनकडे. अख्खा हॉल ओरडला, "समोरच्या बास्केटमध्ये बे! समोरच्या!"

त्याने समोरच्याच बास्केटमध्ये टाकला.

बंडूभाऊ खुर्चीवर चढले, खुर्ची मोडली, ते उठून दुसरीवर चढले. नानाजी माझ्याजवळ आले. डोळे लाल, घसा बसलेला. "हारलो वं बाई. पण पोरं जान लावून खेळले. मागच्या साली हारलो तं गावात तोंड दाखवाची लाज वाटे. उद्या बाजारात छाती काढून जातो."

इमरान गॅलरीतून खाली आला, रेलिंग ओलांडायला त्याला पाय फारसा उचलावाही लागला नाही.

"अब्बू पूछ रहे, मॅडम, अगला मॅच कब है?"

"आणि तू?"

"मैं किधर जा रहा हूँ? इधरच हूँ."

तो महालकडून खेळतो. डबा आता माझ्या घरी आहे, त्यात चकल्या ठेवते. बंडूभाऊ दर पोळ्याला शिंग परत मागतात. मी सांगते, ते लीगचं मूळ कागदपत्र आहे, ऑफिसातच राहील. त्यांचा नातू एका शिंगाचा बैल दिमाखात मिरवतो.

एवढ्या वर्षांत मी जे शिकले ते थोडंच आहे. हरलेल्याला जरूर हात द्यावा, पण हरण्याला बक्षीस देऊ नये. आणि मतदान असलेल्या बैठकीला जाताना पर्समध्ये एखादं शिंग असू द्यावं.