घोळीवरचं सोंग

कल्पना करा, सप्टेंबरातली सकाळ आहे, दहा वाजलेत आणि तुम्ही सूर्यमाळच्या उतारावर गुडघाभर गवतात उभे आहात. समोर दोन फुलपाखरं आहेत. दोन्ही नारिंगी, दोन्हींच्या पुढच्या पंखांची टोकं काळी, त्या काळ्यात पांढरा पट्टा. एक आहे बिबळ्या कडवा. तो अळी असताना रुईची पानं खाऊन वाढतो, त्या चिकाने कडू होतो, म्हणून पाखरं त्याला तोंड लावत नाहीत. दुसरी आहे छोट्या चांदव्याची मादी. ती कडू नाही, पण दिसते हुबेहूब बिबळ्यासारखी, आणि तेवढ्यावरच वाचते. पुस्तकात हे सोपं आहे: मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतील तर बिबळ्या, वरच्या कडेला एकच ठिपका असेल तर चांदव्याची मादी. पण पुस्तकातलं फुलपाखरू पंख पसरून थांबतं. हे थांबत नाही. तुम्हाला दोन सेकंद मिळतात आणि फोनचा कॅमेरा उघडायला तीन लागतात. आता सांगा, कुठलं कोणतं?

रखमी झुगरे पंखांकडे बघतच नाही. ती खाली बसते आणि वाट बघते. फुलपाखरू कुठल्या पानाला शेपूट टेकवतं, एवढंच तिला हवं असतं. फुलावर काय, कोणीही बसतं, असं तिचं म्हणणं. अंडी मात्र आई जागा बघून घालते.

रखमी सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावर राहते. वय विचारलं तर अडतीस-चाळीस म्हणते. शाळा चौथीपर्यंत, अक्षरं लावून वाचता येतं, लिहायचं म्हटलं की हात अडतो. लहानपणी आईबरोबर रानभाजी खुडायला जायची तेव्हा पान उलटून बघायची सवय लागली, कारण अळी शिजली तर भाजी वाया. कुठल्या पानावर कुठली अळी आणि त्या अळीचं पुढे काय होतं, हे तिला तेव्हापासून माहीत. तिच्याकडे फुलपाखरांची नावंही तशीच आहेत. आपण ज्याला हळदीकुंकू म्हणतो ते तिच्या लेखी बांडगुळाचं. मोठा काळा-निळा नीलवंत म्हणजे लिंबाचं मोठं. बिबळ्या कडवा म्हणजे रुईचं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेने मोखाडा तालुक्यात फुलपाखरांची गणना सुरू केली. पाड्यापाड्यावरच्या माणसांनाच गणक म्हणून घेतलं, दोघांची एक जोडी. रखमीबरोबर हेमंत होता. हेमंत तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, बारावी झालेला. नात्याने नाही पण पाड्याच्या रिवाजाने तो तिला काकी म्हणतो. रखमी बघायची, हेमंत फोनवर नोंद करायचा. मी जव्हारची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. नोंदीचा फॉर्म मी बनवला. त्यात नावांची यादी, फोटोची जागा आणि शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रिकामा चौकोन. शेऱ्यात कोण काय लिहील याचा मी फारसा विचार केला नव्हता.

या कामाने रखमीच्या घरात एक मोठी गोष्ट झाली होती. तिचा नवरा जिवा दरवर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो. भट्टीवर जोडी लागते, एकट्या गड्याला कोणी ठेवून घेत नाही. त्यामुळे रखमी जायची, आणि मुलगी रुपीही जायची, आणि पावसाच्या तोंडाला परत आल्यावर रुपी वर्गात मागच्या बाकावर बसून पुढच्यांच्या तोंडाकडे बघायची. गणनेचं काम लागल्यावर मात्र रखमी राहिली. जिवाने चुलतभावाबरोबर जोडी जमवली. रुपीचा सलग दोन वर्षं शाळेचा एकही महिना बुडला नाही. यंदा ती सातवीत होती. दिवाळीआधी संस्था पुढच्या वर्षाच्या गणकांची यादी लावते. त्या यादीत नाव असणं म्हणजे रखमीसाठी काय, हे मी वेगळं सांगत नाही.

यंदा सप्टेंबरात ती आणि हेमंत पाड्याच्या विहिरीवर होते. विहिरीपाशी सांडलेल्या पाण्यावर घोळ ही रानभाजी दाट उगवते. पाणी भरून निघता निघता रखमीला एक नारिंगी फुलपाखरू घोळीच्या पानाखाली शेपूट टेकवताना दिसलं. तिने हंडा खाली ठेवला. हेमंतने फोन काढेपर्यंत ते उडालं. फोटो आला तो अर्धे मिटलेले पंख आणि बराचसा हिरवा रंग.

“लिहितो, काकी. रुईचं.”

“घोळीचं लिही.”

“रोज बघतो आपण याला. रुईचंच आहे.”

“रुईचं घोळीवर अंडी कशाला घालंल? पोरं उपाशी मारायला?” रखमीने पान उलटून अंडं दाखवलं, टाचणीच्या डोक्याएवढं. “सोंग हाय ते. रुईचं सोंग घेतलंय.”

हेमंत हसला, म्हणाला, तू आता फुलपाखरांचा पण बोहाडा भरव. पण बघणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा लिहायचा, असं मीच प्रशिक्षणात शिकवलं होतं. फोटोत दिसलं तसं त्याने यादीतून ‘बिबळ्या कडवा’ निवडलं आणि शेऱ्यात तिचे शब्द टाकले: ‘सोंग आहे.’

मोखाड्यात हा शेरा वाचून कुणीही विचारलं असतं, कुणाचं? आमच्याकडे होळीनंतर गावोगाव बोहाडा होतो. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे निघतात. गणपतीचं सोंग, भीमाचं सोंग, नरसिंहाचं सोंग. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे, पिढ्यानपिढ्या. पण नोंदी तपासणारे गृहस्थ पुण्यात बसतात. ते मन लावून काम करतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी ‘सोंग आहे’ वाचलं, खालचा फिकट फोटो बघितला आणि पुढे लिहिलं: ‘नोंद बनावट असल्याचं गणकानेच मान्य केलेलं दिसतं.’

त्यानंतर जे झालं ते माणसाने केलं नाही, प्रोग्रामने केलं. एखाद्या गणकाची एक नोंद बनावट ठरली तर त्याच्या सगळ्या नोंदी आपोआप थांबवायच्या, असा नियम त्यात होता. तो नियम मी लिहिला होता. लिहिताना मला तो फार हुशारीचा वाटला होता. सकाळी मी स्क्रीन उघडली तर रखमीच्या तीन वर्षांच्या नोंदी राखाडी झालेल्या, एकूण एक.

बाजाराच्या दिवशी ती ऑफिसात आली. मागे हेमंत. जीपमध्ये कोणीतरी तिला सांगितलं होतं. पिशवी मांडीवर घेऊन ती खुर्चीच्या टोकाला बसली.

“ताई, माझी नावं पुसली म्हणं.”

पुसली नाहीत, थांबवलीत, असं मी म्हणाले. मला स्वतःलाच ते पटेना. मग तपासणाऱ्यांनी काय लिहिलंय ते सांगितलं. तुम्हीच म्हणताय की नोंद खोटी आहे, असा त्यांनी अर्थ घेतला, म्हटलं. तिने हेमंतला ती ओळ दोनदा वाचायला लावली. हेमंत वर न बघता वाचत होता. त्याला वाटत होतं चूक त्याची.

रखमीने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “आमच्या घरात सरस्वतीच्या सोंगाचा मान हाय. जिवा सरस्वती होतो. मुखवटा चढला का त्याला कोणी जिवा म्हणत नाय. मी बायको त्याची, मी पण पाया पडते. ते खोटं असतं का, ताई?”

मी जव्हारला वाढले, लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून बोहाडा बघितला. तरी पुण्याहून आलेली ती ओळ वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं होतं? रखमीताईने असं कशाला केलं असेल, हेच आलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

त्या दिवशी मी दीड पानाचं पत्र पाठवलं. सोंग म्हणजे काय, बोहाडा म्हणजे काय, आणि रखमीने बघितली ती बिबळ्या नव्हे, चांदव्याची मादी, सगळं. उत्तर सभ्य होतं. शब्दाचा खुलासा समजला. पण फोटोत ठिपके दिसत नाहीत, तेव्हा पुरावा हवा. एक तर पंख उघडे असलेला फोटो, नाही तर घोळीवरची अळी वाढवून बाहेर आलेलं फुलपाखरू, रोजच्या तारखेसह. यादी लागायच्या आत.

रखमीला हे अवघड वाटलं नाही. अंडी तिने स्वतः बघितली होती, आता अळ्या बोटाच्या पेराएवढ्या झाल्या असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बरणी घेऊन विहिरीवर गेली. घोळ नव्हती. बुडखे तेवढे होते, ओलसर, ताजे खुडलेले.

तिची जाऊ प्रमिला चुलीपुढे बसली होती. टोपात घोळीची भाजी, वर डाळ पेरलेली. ही जागा रखमीनेच तिला मागच्या वर्षी दाखवली होती.

“अळ्या होत्या का गं पानांवर?” रखमीने विचारलं.

“होत्या ना. काळ्या, काट्याकाट्याच्या. कोंबड्यांना टाकल्या.”

“सगळ्या?”

“आता कोंबड्या काय मोजून खातात, बाय? बस, भाकर खा.”

रखमी बसली नाही. ती परत विहिरीवर गेली. दुपारपर्यंत दगड उलटत राहिली. पाणी भरायला येणाऱ्या बायका काय हरवलं विचारायच्या, ती काही नाही म्हणायची. शेवटी धुण्याच्या दगडाच्या खालच्या अंगाला, एका चुकून राहिलेल्या फांदीवर एक अळी मिळाली. काळी, काटेरी, डोकं तांबूस. एकच.

पुढचे दिवस त्या बरणीभोवती गेले. तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधलेला. रखमी परसातल्या घोळीची ताजी पानं घालायची, हेमंत रोज सकाळी फोटो काढून तारीख टाकायचा आणि मला पाठवायचा. प्रमिला जाता-येता टोमणा मारायची की हिला पाहुणा आलाय, आम्हाला भाजी नाही. पण भाजी खुडताना ती आता पानं झटकून अळ्या रखमीच्या दारात आणून टाकायची; दुसऱ्याच कुठल्यातरी अळ्या, उपयोगाच्या नाहीत. जिवाने विचारलं, भट्टीवाल्याचा फोन येतोय, त्याला काय सांगू? रखमी म्हणाली, थांब सांग.

अळी उलटी लटकली, कोष झाला. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी हेमंतचा फोन आला. तो जवळजवळ धावत बोलत होता: चांदवा आलाय, ताई, खराखुरा चांदवा. फोटो आला. काळेभोर पंख, त्यावर पांढरे गोल चंद्र, कडेला जांभळी झाक. मी खुर्चीतून उठले. मग मागून रखमीचा आवाज ऐकू आला, हेमंतला काहीतरी सांगत असलेला. त्याने फोन तिच्याकडे दिला.

“नर हाय हा,” ती म्हणाली. “याने सोंग घेतलेलं नाय.”

तिचं बरोबर होतं. चांदव्याचा नर बिबळ्यासारखा दिसत नाही, मादीच तशी दिसते. तरी मी सगळे फोटो पाठवले. तीन दिवसांनी उत्तर आलं. नवी नोंद स्वीकारली होती: छोटा चांदवा, नर, गणक रखमी झुगरे. अभिनंदनही केलं होतं. पण वादाची नोंद मादीची होती आणि तिचा फोटो होता तोच राहिला, त्यामुळे तिथला शेरा ‘बनावट’वरून ‘अनिर्णित’ केला होता. न्यायाने बघितलं तर यात चूक काढायला जागा नाही. मी ते दोनदा वाचून बघितलं.

प्रोग्रामला मात्र ‘अनिर्णित’ हा शब्द ठाऊक नव्हता. तो नियमात नव्हताच. नोंदी राखाडीच राहिल्या. मी नियम बदलला. बदलायला अकरा मिनिटं लागली. यादी आदल्या संध्याकाळीच गेली होती, आणि ती प्रोग्रामनेच काढली होती, चालू नोंदी असलेल्या गणकांची. मी वरिष्ठांना फोन केले. सगळ्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी नक्की बघू, म्हणाले.

दिवाळी झाल्यावर तिसऱ्या दिवशी रखमी मोखाड्याला आली, संस्थेचं फुलपाखरांचं चित्रपत्रक परत द्यायला. राहू दे तुमच्याकडे, मी म्हणाले. तिथे मातीत खराब होईल, ती म्हणाली. बाहेर स्टँडवर जिवा बोचक्यांपाशी उभा होता, भिवंडीच्या गाडीकडे बघत. रुपी ऑफिसच्या दारात होती. तिच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं. चेन उघडी राहिली होती आणि आतून कपड्यांची घडी दिसत होती.

माफी मागायची म्हणून मी बराच वेळ शब्द जुळवत होते. रखमीनेच विषय बदलला. भट्टीच्या वाटेला रुई पुष्कळ असते, म्हणाली. पाण्याच्या टाकीखाली ओल असते, तिथे घोळही उगवत असेल. आजवर तिने तिथे कधी बघितलं नव्हतं. सकाळपासून डोकं चिखलात असतं.

जिवाने बाहेरून हाक मारली. ती उठली, पदर खोचला, आणि दारात थांबली.

“ताई, त्या पुण्याच्या सायबाला एक इचारशील?”

मला वाटलं, पुढच्या वर्षीच्या यादीचं असेल. विचारते म्हणाले, पान घेतलं, पेन घेतलं.

“आमच्यात बाईचं सोंग असलं तरी गडीच घेतो. जिवा घेतो ना सरस्वतीचं. पण त्या चांदव्यात नर तसाच फिरतो उघडा, त्याला कोणी खात नाय का? बाईलाच सोंग का घ्यावं लागतं?”