पाहुण्यांपुरते बूट

"बूट काढा. माती झाडून टाका. परत वापरायचं हाईत."

मुकादम गेटवर खुर्ची टाकून बसलेला. पुढ्यात पोतं. आम्ही कंत्राटी कामगार एकेक करून वाकत होतो, बूट काढत होतो, पोत्यात टाकत होतो. सकाळी त्यानंच वाटले होते. शिरोलीतल्या त्या फौंड्रीत आज परदेशी कंपनीची माणसं कारखाना बघायला आली होती. ती गाडीत बसून गेली आणि पोतं आलं.

माझी पाळी आली. मी बूट पोत्यात टाकणार, तोच तो म्हणाला, "तुझं येगळं ठेव रं. नंतर कोन घालणार न्हाय ते."

मी बौद्धवाड्यातला. दिवसभर लोखंडाचा रस ओतताना डबूचं, म्हणजे रसाच्या भांड्याच्या दांड्याचं, एक टोक माझ्या हातात, दुसरं कोडोलीच्या शंकरदाच्या. तेव्हा कुणाला विटाळ नव्हता. बुटाला मात्र झाला. मी बूट भिंतीकडेला ठेवले आणि ठिणग्यांनी चाळण झालेल्या स्लीपर पायात घालून घरी गेलो.

पुढच्या वर्षी पाहुणे पुन्हा आले. पुन्हा बूट. माझा जोड वेगळ्या पिशवीतून निघाला. मी घातला नाही. स्लीपरवरच उभा राहिलो. एक गोरी बाई फिरत फिरत आली, माझ्या पायांकडं बघून थांबली. "बूट का नाहीत?" माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं, तरी पुरलं. म्हणालो, "हे बूट फक्त आजचे. संध्याकाळी काढून घेतात. माझे वेगळे ठेवतात." बाईचे डोळे भरले. तिनं माझा काळा हात हातात घेतला. मुकादम पांढराफटक. माझी छाती अशी फुगली की विचारू नका.

माझं बोलणं ऐकून त्या कंपनीनं आमच्या फौंड्रीला दिलेलं काम काढून घेतलं. दुसऱ्या कुठल्या देशात दिलं म्हणे. बाईचं मन साफ राहिलं, कंपनीचं नाव साफ राहिलं. बूट कुणालाच मिळाले नाहीत. काम कमी झालं म्हणून सगळ्यात आधी आम्ही कंत्राटी बाहेर. मालक तिथंच, मुकादमही तिथंच.

शंकरदा मला पेठ वडगावच्या बाजारात दिसला. पाठीवर पोती वाहत होता. या वयात. मी तोंड चुकवून निघालो होतो, त्यानंच हाक मारली. चहा पाजला. रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "खरं बोललास. त्यात चूक न्हाय. पर आमास्नी इचारायचं हुतंस की."

मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

अपमान माझा होता. रागही माझाच. पण डाव मी सगळ्यांच्या भाकरीवर लावला, आणि तोही कुणासाठी? मला एकट्याला त्या बाईनं माणूस म्हणावं म्हणून. दाद मागितली ती साता समुद्रापलीकडच्या माणसाकडं. शेजारी उभ्या असलेल्या शंकरदाला मात्र एका शब्दानं विचारलं नाही. ही टोचणी आजही जात नाही. जाऊही नये.

आता दुसऱ्या फौंड्रीत आहे. इथंही कंत्राटीच. उद्या पाहुणे येणार, आणि बुटांचं पोतं आत्ताच येऊन पडलंय. आज जेवणाच्या सुट्टीत मी प्रत्येकाजवळ जाऊन बसलो. प्रत्येकाला विचारलं. काम जाऊ शकतं, हेही सांगितलं, शंकरदाचं नाव घेऊन सांगितलं. दोघं नाही म्हणाले. त्यांच्यावर माझा राग नाही. बाकीचे हो म्हणाले.

उद्या पाहुण्यांना आम्ही काहीच सांगणार नाही. ते जातील. मुकादम गेटवर खुर्ची टाकेल, पोतं उघडेल आणि म्हणेल, "काढा."

आम्ही बूट घालूनच घरी जाणार.