प्रमोदिनीबाईंची सही

डोंबिवलीच्या निवृत्त शिक्षिका प्रमोदिनी गुप्ते जन्मात कधी साध्या सायकलवरही बसल्या नव्हत्या. तरी वसुली एजन्सीचे फोन सुरू झाले, मोटारसायकलच्या कर्जाचे हप्ते थकलेत म्हणून. चौथ्या फोनला त्यांचं डोकं फिरलं. "ओरडताय काय? कागद घेऊन घरी या!"

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा सलिल खरंच आला. करारपत्र पुढे करत म्हणाला, "ही बघा मॅडम, तुमची सही."

बाईंनी चष्मा लावला आणि खो खो हसत सुटल्या. सही झोकदार इंग्रजीत होती. त्यांनी कपाटातून पॅनकार्ड, पेन्शनचे कागद, जुने चेक काढून टेबलावर मांडले. सगळ्या सह्या मराठीत. "यासाठी मी बँकेत भांडलेय, पोस्टात भांडलेय. आणि तुमच्या फटफटीसाठी नियम मोडीन होय?"

सलिल ओशाळला. बाईंनी दिलेला चहा पिऊन त्याने तिथेच लिहून दिलं, 'सही जुळत नाही, वसुली थांबवत आहोत.' खाली इंग्रजीत सही करणार, तोच बाईंनी कागदावर बोट ठेवलं.

"मराठीत."

सलिलने शाळेतल्यासारखं जपून पूर्ण नाव काढलं. बाईंनी ते निरखून पाहिलं.

"शाबास! आता अशीच करत जा, म्हणजे तुझ्या नावावरही कोणी कर्जाने गाडी उचलणार नाही."