घरगाडीची ट्रायल

हिम्मतरावांच्या ताटात चटणी उजवीकडे वाढलेली पाहिली, तेव्हा मला वाटलं मालनबाई घाईत चुकल्या. पण मीठही उजवीकडेच होतं, लिंबाची फोडही. भाजी मध्येच कुठंतरी दाटीवाटीनं बसली होती. हैदराबादच्या बरकतपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी ही बाई चाळीस वर्षं नवऱ्याचं ताट वाढतेय. तिच्या हातून हे होणं म्हणजे नवलच. जेवणं झाल्यावर मागच्या अंगणात भांडी विसळताना मी विचारलंच.

त्यांनी नळ मोठा सोडला आणि म्हणाल्या, ''डावीकडं वाढलेलं त्यांना दिसत नाही. दोन वर्षं झाली.''

शेंगदाण्याच्या चटणीशिवाय ज्यांचा घास उतरत नाही, ते हिम्मतराव चटणी तशीच टाकून उठायला लागले, तिथून मालनबाईंना संशय आला. मग डाव्या हाताशी ठेवलेला तांब्या दोनदा कलंडला. जडचर्ल्याच्या रस्त्यावर एक सायकल गाडीच्या डाव्या आरशाला घासून गेली आणि यांना पत्ताच नाही. मालनबाई काही बोलल्या नाहीत. चटणी उजवीकडं वाढायला लागल्या आणि गाडीत त्यांच्या डाव्या हाताला, पुढच्या सीटवर बसून बडबडायला लागल्या.

त्यांची बडबड आमच्या गल्लीत प्रसिद्ध होती. रस्त्यात दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. ''तो बघा शेंगावाला कसा रस्त्यातच ठाण मांडून बसलाय.'' ''अगं बाई, म्हशी निघाल्या की घराला.'' आम्ही हसायचो. मीही हसले आहे. त्या म्हशी आणि तो शेंगावाला नेहमी डावीकडचेच असतात, हे माझ्या ध्यानात कधी आलं नाही.

''त्यांनी तुम्हाला सांगितलंय का, दिसत नाही म्हणून?''

''नाही.''

''आणि तुम्ही?''

''कसं सांगायचं गं? चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या नीट केल्या, ही एकच स्वतःची.''

हिम्मतरावांचे आजोबा उदगीरकडची शेती सोडून निजामाच्या काळात हैदराबादला आले. हिम्मतराव स्वतः बसच्या वर्कशॉपमध्ये हेड फिटर. ब्याण्णव साली निवृत्त झाले आणि एका शाळेनं लिलावात काढलेली व्हॅन त्यांनी घेतली. वर्षभर अंगणात ठाकठोक चालली. मागची बाकं निघाली, त्या जागी घडीचा पलंग आला. शेगडी सरकू नये म्हणून लोखंडी कडं, पाण्याच्या टाकीला तोटी, बॅटरीवरचा पंखा, मालनबाईंच्या जुन्या इरकलींचे पडदे. आरसी बुकात बदलाची नोंदसुद्धा रीतसर करून आणली. या घरगाडीतून दोघं श्रीशैलमला गेले, बासरला गेले, नागार्जुनसागरला धरणाकाठी तीन दिवस राहिले. लॉजचा उंबरा चढायचा नाही, हा हिम्मतरावांचा हट्ट. ''दुसऱ्याच्या गादीवर कायकू झोपायचं?''

सत्त्याण्णवच्या जानेवारीत मालनबाईंनी गाडी विकायचा धोशा लावला. डिझेल परवडत नाही, माझे गुडघे दुखतात, गल्लीत नव्या मोटारी आल्यात, गाडी बाहेर काढायला जागा उरली नाही. खरं कारण सोडून सगळी कारणं सांगून झाली. हिम्मतराव महिनाभर कुरकुरले आणि मग तयार झाले. मराठी वाचनालयाच्या फळ्यावर लावायला चिठ्ठी मीच लिहून दिली. ती वाचून पुण्याहून नुकतेच इथे आलेले विवेक आणि अनुराधा हे जोडपं आलं. तो कॉम्प्युटर कंपनीत, ती कॉलेजात शिकवणारी. गाडी पाहून दोघं हरखली. रविवारी सकाळी ट्रायल ठरली.

आणि त्यांच्या नजरेची ही गोष्ट मला आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी अंगणात भांडी विसळताना कळली.

''मग ट्रायल विवेकलाच घेऊ दे ना,'' मी म्हटलं.

''विचारलं मी. म्हणतात, गाडीची नाडी मलाच माहीत, आधी मी चालवून दाखवणार.'' मालनबाईंनी पातेलं पालथं घातलं. ''घेणारा पुढंच बसणार. त्याच्या बायकोला सोबत म्हणून मला मागं बसावं लागणार. तू येशील का?''

मी येऊन काय करणार होते, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण हो म्हटलं.

रविवारी नऊ वाजता निघालो. हिम्मतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. विवेक त्यांच्या डाव्या बाजूला बसला, मालनबाईंच्या सीटवर. मागं पलंगावर आम्ही तिघी. मालनबाईंनी बसल्या बसल्या डाव्या खिडकीचा पडदा सरकवला आणि गजांना धरून बसल्या.

काचीगुड्यापर्यंत ठीक चाललं. हिम्मतराव मजेत होते. ''सेकंड गिअर असा प्रेमानं टाकायचा. जोर केला की रुसतो, बोलेतो नव्या सुनेसारखा.'' अनुराधा म्हणाली, ''काका, सुना आता रुसत नाहीत, सरळ सांगतात.'' ते हसले. मालनबाई हसल्या नाहीत.

''केळीवाला बघा,'' त्या एकदम मोठ्यानं म्हणाल्या, ''गाडा कसा आडवा लावलाय.''

गाडी जराशी उजवीकडं झाली. म्हणजे हे खरोखर असं चालतं.

''मुलं उतरतायत हो बसमधून. पोरांना काही भान नसतं बघा.''

गाडीचा वेग उतरला.

''स्कूटरवाला कडेनं घुसतोय. काय घाई असते की यांना.''

चादरघाटच्या पुलाच्या अलीकडं विवेक मागं वळला. मुलगा सभ्य होता, पण इंजिनाकडं कान लावून लावून वैतागला होता. ''काकू, राग मानू नका, मला जरा आवाज ऐकायचाय इंजिनचा. पाच मिनिटं शांत बसता का?''

''ती अशीच आहे,'' हिम्मतराव म्हणाले. ''रेडिओ समजा. मालन, बस कर आता.''

मालनबाई गप्प झाल्या.

पूल आला. एका बाजूनं ट्रक, दुसऱ्या बाजूला सायकली, हातगाड्या. मी मालनबाईंकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी ओरडू का, असं तीनदा मनात आलं. पण मी ओरडले असते तर हिम्मतरावांची चाळीस वर्षं त्या पोराच्या पुढ्यात पडली असती, आणि नाही ओरडले तर कोणाचा तरी जीव जायचा. हे दोन्ही एका तराजूत बसणारे नाहीत, हे आता घरात बसून लिहिताना कळतं. तेव्हा माझी जीभ उचलली नाही. मी तान्ह्या लेकराला धरावं तशी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसले होते.

पूल ओलांडला. मलकपेठेत शिरलो तशी उजवीकडं एक बस अंगावर आल्यासारखी वाटली आणि हिम्मतरावांनी गाडी डावीकडं घेतली. डावीकडं सायकलरिक्षा होती. रिक्षात एक बाई, मांडीवर तान्हं मूल, पायाशी भाजीची पिशवी.

''थांबा. डावीकडं रिक्षा आहे.''

मालनबाईंचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात गप्पा नव्हत्या, लाडीगोडी नव्हती. ब्रेक लागला. शेगडी कड्यात खणखणली, आम्ही तिघी एकमेकींवर आदळलो. रिक्षा वीतभर अंतरावर राहिली. रिक्षावाल्यानं तेलुगूत हिम्मतरावांच्या सात पिढ्या काढल्या आणि पायडल मारत निघून गेला. बाईला काही कळलंच नव्हतं, ती पोराचं टोपडं सारखं करत होती.

मग हिम्मतराव घसा खाकरून म्हणाले, ''पाहिलं? ब्रेक कसे आहेत ते.''

''मस्त आहेत,'' विवेक म्हणाला. त्यानं विश्वास ठेवला होता. अनुराधासुद्धा सुटल्यासारखी हसली.

इथं गप्प राहिलं असतं तर सगळं मिटलं असतं. गाडी विकली गेली असती, कोणाला काही कळलं नसतं. पण घरापर्यंतचा परतीचा रस्ता बाकी होता.

''ब्रेक नाही,'' मालनबाई म्हणाल्या. ''त्यांना डावीकडचं दिसत नाही. दोन वर्षांपासून. मी सांगते म्हणून चालवतात.''

हिम्मतरावांनी वळून पाहिलं नाही. मला फक्त त्यांची मान दिसत होती, आणि ती हळूहळू लाल झाली. मागून हॉर्न वाजायला लागले. त्यांनी इंजिन बंद केलं, चावी काढली, विवेकच्या हातात दिली आणि खाली उतरले. गाडीला वळसा घालून मागच्या दारानं आत आले. त्या गाडीत ते मागं कधी बसले नव्हते. कुठं बसायचं ते कळेना, म्हणून पाण्याच्या टाकीवरच टेकले.

विवेकनं गाडी चालवत आणली. तो संतापला होता आणि ते बरोबरच होतं. अंगणात उतरल्यावर म्हणाला, ''काका, माझी बायको बसली होती आत. तुम्ही आधी सांगायला हवं होतंत.''

''हौ,'' हिम्मतराव म्हणाले. ''चुकलं.'' आणि आत गेले.

मला वाटलं, व्यवहार संपला. विवेक फाटकाकडं वळलासुद्धा. अनुराधा मात्र गाडीच्या पायरीवर बसली आणि मालनबाईंना म्हणाली, ''काकू, आता तुम्हीच सांगा. गाडीत अजून काय काय आहे?''

मालनबाईंनी सांगितलं. पलंगावरचं छत पावसात एका ठिकाणी गळतं, खाली डबा ठेवावा लागतो. सेकंड गिअर प्रेमानं टाकूनही अडकतो. पंखा तासाभरानं बॅटरी खातो. मागचं दार चिखलात लागत नाही. आतून हिम्मतरावांचा आवाज आला, ''दार लागतं. धक्का द्यावा लागतो.'' विवेक फाटकापाशी थांबून ऐकत होता. पुन्हा जवळ आला, त्यानं छत बोटांनी चाचपलं, दार दोनदा लावून पाहिलं.

पुढच्या शनिवारी ते गाडी घेऊन गेले.

मधले चार दिवस हिम्मतराव बायकोशी बोलले नाहीत. भिंतीपलीकडून मला ती शांतता ऐकू यायची. पाचव्या दिवशी सकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आले, तर दोघं ओट्यावर.

''परक्या पोरासमोर सांगितलंस,'' ते म्हणत होते.

''मग कुठं सांगायला हवं होतं?''

''घरात सांगायचं. दोन वर्षं बोलली नाहीस.''

''तुम्ही तरी कुठं बोललात?''

हिम्मतराव ओट्यावरून उठले. मग त्यांनी विचारलं, ''डोळ्यांच्या दवाखान्याला कोणती बस जाते?''

''रिक्षा करू,'' मालनबाई म्हणाल्या, आणि चप्पल घालायला आत गेल्या.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवता येईल. दिवसातून दोन वेळा थेंब घालायचे. ते काम मालनबाई करतात. हिम्मतराव दर वेळी डोळा मिटून घेतात आणि त्या दर वेळी रागावतात.